गोळीबार चौकातली पोर्टर

सोमवारी सकाळी सहा चाळीसला रजत पौनीकर शीतखोलीत गुडघे टेकून लाकडी पिंपाच्या बुचाभोवतीचं मेण सुरीच्या टोकाने खरवडत होता. काम पाच मिनिटांचं, पण तो बराच वेळ त्यातच होता. मेणाचा तुकडा निघाला की तो उजेडात धरायचा, हुंगायचा, बादलीत टाकायचा, आणि पुन्हा बादलीतून काढून हुंगायचा. दाराशी उभी असलेली भूमिका चकोले हे सगळं बघत होती. ती त्याची सहायक. मूळची पारशिवनीची. ब्रुअरीतली छोटी प्रयोगशाळाही तीच सांभाळते.

"सर, मेण आहे ते," ती म्हणाली. "त्याला काय होणार?"

"टाक्यांचं तापमान लिहिलं?"

"लिहिलं. दोनदा. तुम्ही दोनदा विचारलं म्हणून."

शीतखोलीत तशी दोन पिंपं होती. नाशिककडच्या एका वाइनवाल्याकडून वापरलेली घेतलेली. मार्चपासून त्यांत पोर्टर मुरत पडली होती, आणि आता नोव्हेंबर अर्धा सरला होता. पोर्टर म्हणजे काळसर तपकिरी बिअर. अठराव्या शतकात लंडनच्या बाजारात ओझी वाहणारे हमाल ती पीत, त्यांच्यावरूनच तिला नाव पडलं. त्या काळी जव लाकडाच्या आगीवर तपकिरी होईपर्यंत भाजत, त्यात धूर शिरू देत, आणि झालेली बिअर कित्येक महिने लाकडात ठेवून तिला आंबट धार येऊ देत. आता भाजकं धान्य यंत्रातून येतं, त्याला धूर माहीत नसतो, आणि बिअर तीन आठवड्यांत ग्लासात असते. रजतला ती जुन्या तऱ्हेने करायची होती. वर्धा रोडवरच्या या ब्रुअरीचा तो मुख्य ब्रुअर. चार वर्षांत त्याने गव्हाची बिअर केली, आंब्याची केली, आणि नागपूर म्हटल्यावर सुटका नसलेली संत्र्याचीही केली. कुणी मागितली नसताना केलेली पहिली बिअर ही.

मालक भैयाजी अकरा वाजता चाखायला येणार होते. पसंत पडली तर शनिवारी पोर्टर ब्रुअरीच्याच रेस्टॉरंटमधल्या नळावर चढणार, आणि आणखी पिंपं येणार. नाही पडली तर ही दोन पिंपंही विकून टाकायची, आणि रजतने गहू, आंबा, संत्रं एवढ्यातच राहायचं. भैयाजींनी हे मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं आणि मध्ये एकदाही पुन्हा उच्चारलं नव्हतं. रजतला त्याचाच जास्त त्रास झाला.

बूच निघालं. काचेची लांब नळी आत सोडून त्याने दोन बोटं पोर्टर काढली, ग्लास फिरवला, नाक आत घातलं. मग एक घोट. आधी कॉफी. मग तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा. मग धूर, आणि सगळ्यांत शेवटी शिळ्या ताकासारखी आंबट धार. त्याने डोळे मिटले, उघडले, दुसऱ्या पिंपाचा घोट घेतला. तेच.

"जमलं," तो म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी, "जमलं ना?"

भूमिकाने घोट घेतला. ती नेहमी थुंकते. या वेळी तिने गिळला. तेवढ्यात गव्हाची गाडी आली आणि ती माल उतरवून घ्यायला गेली.

*

रजत अडतीस वर्षांचा आहे. जन्म गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीतला, कोष्ट्यांच्या वस्तीतला. आजोबांचा हातमाग होता. माग मोडीत निघाल्यावर घराचा भार रजतची आई कुसुमताई यांच्या सावजी मसाल्यावर, म्हणजे कोष्ट्यांच्या झणझणीत रश्श्याच्या मसाल्यावर आला. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली भट्टी, तिच्यावर लोखंडी कढई, आणि कढईत आळीपाळीने धणे, खोबरं, लवंग, मिरे, दगडफूल, जवस, थोडी ज्वारी. शहरातली बरीच भोजनालयं हा मसाला नेतात. उन्हाळा लागला की भिवापुरी मिरची येते, आणि दोन महिने गल्लीतली माणसं नाकाला रुमाल लावून जातात. रजत आणि कुसुमताई मात्र कधी शिंकत नाहीत.

रजतने सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं. आधी दुधाच्या डेअरीत नमुने तपासले, मग पुण्याला एका ब्रुअरीत सहा वर्षं काढली. वडील गेल्यावर तो परत आला. कुसुमताई नातेवाइकांना सांगतात, पोरगा जवाच्या कारखान्यात आहे. हे खोटं नाही.

पोर्टरसाठी लाकडाची आग हवी होती, आणि वर्धा रोडवरच्या चकचकीत ब्रुअरीत ती कुणी पेटवू दिली नसती. म्हणून मार्चमध्ये त्याने जवाची पोती घरी आणली आणि आईची भट्टी दोन दिवस मागून घेतली. कढई चिंच आणि राख लावून घासली, मग पुन्हा साबणाने. उलथनं नवीन आणलं. बाभळीची लाकडं लावली. भाजलेले जव गार व्हायला धुतलेल्या मांजरपाटावर पसरले आणि रात्रभर शेडखाली ठेवले. त्याने हे सगळं ब्रुअरीत कौतुकाने सांगितलंही होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

भैयाजी अकराला पाच कमी असतानाच आले. साठीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आधी ट्रकांचा धंदा, मग हॉटेल, मग ही ब्रुअरी. स्वतः बिअर पीत नाहीत, रात्री एक पेग व्हिस्की घेतात. बिअरमधलं आपल्याला काही समजत नाही, पण गिऱ्हाईक काय म्हणेल ते समजतं, असं ते म्हणतात. आजवर त्यांचा अंदाज फारसा चुकलेला नाही.

रजतने तीन ग्लास भरले. स्वतःचा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

भैयाजींनी घोट घेतला. ग्लासाकडे पाहिलं. घसा खाकरला.

"हे काय गा? मागून काहीतरी लागून राहिलं."

"आंबटपणा आहे, भैयाजी. जुन्या पद्धतीत तो..."

"आंबट मले समजते. हे आंबट नाही. गरम हाय."

"अल्कोहोल असेल. साडेसहा टक्के आहे."

"रजत, मी व्हिस्की पितो. अल्कोहोल मले नको शिकवू." त्यांनी भूमिकाकडे मान वळवली. "तू सांग वं. तुले काय लागते?"

भूमिकाने आधी रजतकडे पाहिलं. हे त्याला आवडलं नाही.

"लवंग," ती म्हणाली. "लवंग आहे सर. आणि तिच्यामागे अजून काही. मातीसारखं, झाडाच्या जुन्या सालीसारखं. मला नाव नाही येत. आणि गळ्यात जरा जळजळ."

"सकाळी बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलं."

रजतने पुन्हा घोट घेतला. कॉफी, भाकरी, धूर, ताक. लवंग नव्हती. त्याने ती शोधत अर्धा ग्लास संपवला.

ब्रुअरीत लवंग हा वाईट शब्द आहे. गव्हाच्या बिअरमध्ये ती थोडी चालते. इतरत्र आली तर बहुधा रानटी यीस्ट शिरलेलं असतं. ते लाकडात बसलं की निघत नाही, आणि नळ्यांमधून बाकीच्या टाक्यांत गेलं तर सगळंच ओतून द्यावं लागतं. भैयाजींना यातलं एवढं नक्की माहीत होतं.

"हे पाह्य," ते उठता उठता म्हणाले. "मले खराब लागलं असं मी म्हणून नाही राहिलो. पण ते काय हाय, ते मले सांग. सांगता आलं तं ठेवू. नाही सांगता आलं तं मी ते गिऱ्हाइकाच्या पोटात नाही टाकत. पाचला येतो."

"आणि पाचपर्यंत नाही कळलं तर?"

"तं मोरी हाय ना."

*

पुढचे दोन तास रजत एका जागी उभा राहिला नाही. त्याने पिंपाला लागलेल्या सगळ्या नळ्या सोडल्या. रबरी रिंगा काढून हुंगल्या, गरम पाण्यात टाकून पुन्हा हुंगल्या. बुचं चावून पाहिली. दोन्ही पिंपांची चव सारखीच होती, आणि पिंपं वेगवेगळ्या खेपेची, म्हणजे लाकडाचा दोष असणं कठीण. भूमिकाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रानटी यीस्ट होतं, पण थोडं. लाकडात मुरवायचं म्हटलं की तेवढं येतंच, जुन्या पोर्टरची आंबट धार त्याशिवाय होत नाही. एवढी लवंग आणण्याइतकं ते नव्हतं.

"मग आहे कुठून?" रजत म्हणाला.

"आहे एवढं नक्की."

"तुला नक्की लागतं ना? भैयाजी बोलले म्हणून तर नाही?"

भूमिकाने डोळा काचेवरून काढला नाही. "सर, लवंग त्यांच्या तोंडून नाही निघाली. माझ्या निघाली."

खरी अडचण त्याने अजून कुणाला सांगितली नव्हती. पोर्टरमध्ये काय आहे हा प्रश्न एका बाजूला. ते त्याला लागत का नाही, हा दुसरा. शेवटी त्यानेच तिला तीन ग्लासांची परीक्षा लावायला सांगितली. ब्रुअरीतला हा नेहमीचा रिवाज आहे: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. चाखणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं आणि नंतर वेगळा ओळखायचा. भूमिकाने साधी फिकी बिअर घेतली, स्वयंपाकघरातून लवंगा आणल्या, आणि एकाच ग्लासात लवंगेचं पाणी सोडलं.

रजतने डावीकडचा ग्लास उचलून दिला. चुकला. दुसऱ्या वेळी मधला दिला. चुकला. तिसऱ्या वेळी भूमिकाने लवंगेचं पाणी दुप्पट केलं. त्याने बराच वेळ तिन्ही ग्लास आळीपाळीने नाकाशी धरले आणि उजवीकडचा दिला.

"बरोबर?"

"नाही सर."

"किती होतं यात?"

"स्वयंपाकघरातले महाराज तिकडून विचारून राहिले होते, बिर्याणी चालू आहे का."

तो हसला नाही. ग्लास धुवायला घेतला, मग नळ चालू ठेवून तसाच उभा राहिला.

"आपल्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग किती आहे?" त्याने विचारलं.

"असते ना. त्या यीस्टची असतेच."

"किती?"

"जरा जास्त आहे," भूमिका म्हणाली. "मी आले तेव्हापासून आहे. मला वाटलं तुमची स्टाइल आहे."

चार वर्षं त्या बिअरच्या प्रत्येक टाकीचा नमुना रजतने चाखला होता आणि मान हलवली होती. त्याने मान हलवल्याशिवाय टाकी नळाला जोडली जात नाही. मुख्य ब्रुअर म्हणजे काय, तर ती मान. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायला, उकळायला, नळ्या धुवायला माणसं शिकवून तयार करता येतात. त्याने नळ बंद केला, गाड्या उभ्या करण्याच्या जागेत गेला, तिथून परत आला, आणि पुन्हा गेला. रखवालदाराने विचारलं, साहेब काही हरवलं का. तो म्हणाला, पाहून राहिलो.

तिसऱ्या फेरीत त्याला डबा आठवला. ब्रुअरीत येणाऱ्या प्रत्येक धान्याचा किलोभर नमुना बाजूला ठेवायची पद्धत आहे. मार्चमध्ये भाजलेल्या जवाचाही डबा फळीवर असणार. होता. त्याने झाकण उघडून भूमिकापुढे धरलं.

तिने हुंगलं. मान मागे घेतली, पुन्हा हुंगलं. "इथेच आहे, सर. सगळं आहे. लवंग, ती साल, सगळंच."

म्हणजे यीस्टचा प्रश्न मिटला. डब्यातल्या कोरड्या जवांना यीस्ट कधी शिवलंच नव्हतं. टाक्या वाचल्या, नळ्या वाचल्या. रजतने डबा नाकाशी धरला. भाजलेले जव आणि बाभळीचा धूर. बाकी काही नाही.

"मसाला?" तो म्हणाला. "पण कढई मी घासली होती. दोनदा."

"मी नव्हते तिथे," भूमिका म्हणाली.

*

वर्धा रोडवरून गोळीबार चौकापर्यंत स्कूटरने जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. डबा त्याने पायांमध्ये ठेवला होता. अजनीच्या सिग्नलला झाकण उघडून त्याने एकदा हुंगलं. सीताबर्डीला पुन्हा. शेजारच्या रिक्षावाल्याने खाली वाकून डब्यात पाहिलं.

"काय हाय भाऊ?"

"जव."

"सुंगून खाते का?"

सिग्नल सुटला.

कुसुमताई शेडखाली सुपात दगडफूल निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ह्या टायमाले घरी? काढून टाकलं का गा तुले?"

"नाही अजून."

"अजून म्हणते."

"आई, हे हुंगून पाह्य."

त्यांनी हात पदराला पुसला, चिमूटभर जव तळव्यावर घेतले, चोळले, नाकाशी नेले. मसाल्याच्या धंद्यात चाळीस वर्षं गेली आहेत. कोणत्या दुकानाचा धणा जुना आहे ते त्या पोतं न उघडता सांगतात. रजत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता.

"जव हायेत," त्या म्हणाल्या. "भाजलेले. जरा जास्तच भाजले. मी तवाच म्हटलं होतं, पुरे कर."

"अजून काही? मसाल्याचा वास?"

"मसाला टाकला का तू ह्याच्यात?"

"नाही."

"मंग काहून येईन?" त्यांनी जव पुन्हा डब्यात टाकले. "काही वास नाही. साफ हाय. काहून बावरल्यावाणी करून राहिला? जेवला का?"

तो भट्टीजवळ गेला, कढईत डोकं घातलं, कढईला बोट लावून चाटलं. आईचं नाक सांगतं ते खरं असेल, तर भूमिका आणि भैयाजी दोघं चुकले, आणि तसं होणं शक्य नव्हतं. तीन वाजत आले होते. पाचला भैयाजी येणार आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच वेळी रजतची बायको रीना आली. ती सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत शिकवते. त्या दिवशी पालकांची सभा होती म्हणून उशीर झाला होता. माहेर नरखेड तालुक्यातलं सावरगाव, संत्र्याच्या बागांमधलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. तिने चपला काढायच्या आधीच रजतने डबा तिच्या नाकापुढे धरला.

"हा कशाचा वास आहे?"

रीनाने खांद्यावरची पिशवी न उतरवताच हुंगलं. "घराचा," ती म्हणाली आणि चपला काढू लागली.

"कोणत्या घराचा?"

"आपल्या. अजून कोणत्या?"

"मसाल्याचा म्हणतेस?"

"तुम्ही मसाला म्हणा. मी घराचा म्हणते. दार उघडलं की येतो ना. तुमच्या शर्टांना असतो, माझ्या साड्यांना असतो. सावरगावला दोन दिवस राहून आले की माझी आई उशांचे अभ्रे धुवायला काढते."

शेडखालून कुसुमताईंचा आवाज आला. "म्हणजे आमचं घर घाण वास मारते म्हण ना."

"घाण कोण म्हणालं, आई? येतो एवढंच म्हटलं."

"अकरा वर्सं झाले, आज सांगून राहिली वं तू?"

"अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही," रीना म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

रजत तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला, तिथून जिन्याने वर, आणि पेटीतून मांजरपाटाचं कापड ओढून घेऊन खाली आला. उन्हाळ्यात कुटायच्या आधी मसाला ज्यावर पसरतात तेच ते कापड. मार्चमध्ये त्याने ते स्वतः धुतलं होतं, उन्हात वाळवलं होतं, हुंगून खात्री केली होती, आणि मग त्यावर कढईतले गरम जव ओतले होते. त्याने ते आताही हुंगलं. साबणाचा वास आला. रीनापुढे धरलं तर ती दोन पावलं मागे सरली आणि सलग शिंकू लागली.

"अहो, धरा तिकडे. हे तर सगळ्यांत जास्त आहे."

गरम धान्य शेजारचा वास ओढून घेतं. ब्रुअरीत कामाला लागलेल्या प्रत्येकाला रजत हे पहिल्याच आठवड्यात सांगतो. माल्टच्या खोलीत फिनाइलची बाटलीसुद्धा ठेवू देत नाही. कापड घरातलं नसतं, दुसऱ्या कुणाचं असतं, तर त्याने त्यावर मूठभर जवही टाकले नसते.

"सापडलं ना?" रीना म्हणाली. "मग जेवून घ्या."

त्याने दोन घास उभ्यानेच खाल्ले. रस्सा कालचा होता. तो किती तिखट आहे याकडे त्याने आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं, आणि त्याला काही सांगता येईना.

*

कारण सापडल्याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. परतीच्या रस्त्यावर तो मागच्या चार वर्षांतल्या टाक्या आठवत होता. आंब्याच्या बिअरचं ठीक, तिच्यात लवंगेचा संबंध नाही. संत्र्याच्या सालीत मात्र मसाल्याची एक छटा असते असं पुण्याचा त्याचा वरिष्ठ म्हणायचा, आणि रजत हो म्हणायचा. सगळेच हो म्हणत होते.

पाचला भैयाजी आले. रजतने भट्टी, कढई, कापड, सगळं क्रमाने सांगितलं. भैयाजी ऐकत राहिले, मग हसू लागले. हसता हसता त्यांनी स्वतःच पिंपातून एक ग्लास भरून घेतला.

"सावजी! म्हणूनच म्हटलं ओळखीचं काहून लागून राहिलं." त्यांनी भूमिकाला हाक मारली. "बोर्ड आण वं. सावजी पोर्टर. खास नागपुरी मसाला, लंडनची जुनी पद्धत, गुप्त कृती."

"कृती नाही भैयाजी. चूक आहे."

"अरे, चूक तं चूक. पिणाऱ्याले काय करायचं हाय?"

"पुढच्या वेळी अशीच मागतील. मला करता येणार नाही."

"काहून? टाक पुन्हा त्याच कापडावर."

"किती उतरलं ते मला कळत नाही." रजतने ग्लास टेबलावर सरकवला, पुन्हा जवळ ओढला. "जास्त झालं तरी मला सारखंच लागेल, अजिबात नसलं तरी सारखंच. आता तुम्ही पिताय ते मला लागतच नाही."

भैयाजींचं हसणं थांबलं. "अजिबात?"

"कॉफी लागते. धूर लागतो. आंबट लागतं. मसाला नाही. दुपारी भूमिकाने परीक्षा लावली. तिन्ही वेळा चुकलो."

"मंग इतके दिवस तू चाखून पास करून राहिला होता ते?"

"बाकी सगळं कळतं. हे नाही. गव्हाच्या बिअरमध्येही लवंग जास्तच आहे म्हणते ती."

भूमिका बोर्ड हातात धरून दाराशीच थांबली होती. भैयाजींनी ग्लास संपवला. ते घाईत निर्णय घेत नाहीत, पण घेतला की लांबवत नाहीत.

"माझ्याकडे एक ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "एका डोळ्यानं कमी दिसे. सांगितलं नव्हतं त्यानं, मलेच समजलं. गाडीवरून उतरवलं, पण कामावरून काढलं नाही. वर्कशॉप दिलं त्याले. गाड्या त्याच्याइतक्या कोणाले समजत नव्हत्या." त्यांनी दाराकडे बोट केलं. "हिले लागते ना? मंग चाखायचं हिचं. बनवायचं तुझं."

"मसाल्यापुरतं तिला विचारीन. आंबा, संत्रं मी..."

"अर्धं अर्धं नको. एक जण हो म्हणेल तवाच नळावर जाईल. कोण, ते ठरलं."

भैयाजी म्हणत होते ते बरोबर होतं. रजत स्वतः मालक असता तर त्यानेही हेच केलं असतं, बहुधा याहून लवकर.

"एक सांगू?" तो म्हणाला. "बोर्डवर लंडन नको. ऐतिहासिक नको. गुप्त कृती तर नकोच."

"मंग काय लिहू?"

"पोर्टर. लाकडात मुरवलेली. मसाल्याचा वास आहे."

"असं कोणी लिहिते का? वास आहे म्हणे. गिऱ्हाईक पळून जाईन."

"आहे तेवढंच लिहा."

भैयाजींनी भूमिकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मसाल्याचा वास आहे, असं वाचलं तर मी तरी मागवीन." त्यांनी खांदे उडवले. पोर्टर शनिवारी नळावर चढेल. नवीन पिंपं दोनच येतील, आणि ती संपल्यावर पुढचं पाहू, असं सांगून ते गाडीकडे गेले.

भूमिकाने खडू घेतला, बोर्ड पुसला, पुन्हा पुसला. "सर, मला हे असं नको होतं."

"माहीत आहे."

"तुम्ही चाखणारच नाही का आता?"

"चाखीन ना. तुझ्या मागून." त्याने बुचं गोळा केली, नळ्या पुन्हा पिंपांना लावायला घेतल्या. एक नळी उलटी बसली. ती काढून त्याने पुन्हा लावली. "चाखायच्या आधी तासभर चहा घेऊ नको. आणि ते सुवासिक लोशन लावतेस, ते बंद कर."

"तेही तुम्हाला येतं?"

"ते येतं," रजत म्हणाला.

त्याने पिंपांना बुचं लावली, मेण वितळवून ओतलं, दार लोटलं. बाहेर कुणाकडे कोणतं काम ते लिहायचा पाळीचा फळा होता. त्यावरची सोमवारची ओळ त्याने पुसली आणि दुसरी लिहिली. उद्या मंगळवार. गव्हाच्या बिअरच्या तीन नंबरच्या टाकीचा नमुना सकाळी सातला निघेल. त्या कामापुढे भूमिका चकोले असं नाव आहे. रजत पौनीकरच्या नावापुढे माल्ट दळणं आणि नळ्या धुणं.